तो गुलाबी रंग मुंबईचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत रघुबीर सिंग यांच्यावर पानभर लेख वाचला. रंगीत फिल्मवर देशाची आणि या शहराची नोंद ठेवणाऱ्या छायाचित्रकाराला मराठी वर्तमानपत्रात एवढी जागा मिळणे दुर्मीळच, म्हणून आधी आभार. लेखाशेजारी वाचकांनी पाठवलेली सत्तरच्या दशकातल्या गिरगाव-लालबागची रंगीत छायाचित्रेही आपण छापलीत. त्यांच्याखालची फोटोओळ मात्र घशाखाली उतरेना: ‘जुन्या मुंबईचा हळवा गुलाबी रंग’.

त्या छायाचित्रात चाळीच्या भिंती गुलाबी आहेत, शाळकरी मुलांचे पांढरे सदरे गुलाबी आहेत, रस्त्यावरचे डांबरसुद्धा गुलाबी आहे. गिरगाव तसे कधीच नव्हते. रंगीत फिल्ममध्ये तीन रंगद्रव्यांचे थर असतात: पिवळा, मॅजेंटा आणि सायन, म्हणजे निळसर हिरवा. सायनचे काम लाल प्रकाश अडवण्याचे. त्या काळच्या बऱ्याच फिल्म आणि कागदांमधला सायन अंधारात, बंद डब्यातसुद्धा, उष्णतेने आणि दमटपणाने विरत जातो. अडवणारा गेला की लाल प्रकाश मोकाट सुटतो आणि चित्र तांबूस होते. पिवळाही विरला असेल तर उरतो तो गुलाबी. जुन्या रंगीत सिनेमांच्या प्रिंट गुलाबी झालेल्या पाहिल्या असतील, तोच हा रोग. आपण ज्याला हळवेपणा म्हटले ते झालेले नुकसान आहे. फोटोओळीत ‘रंग उडालेली स्लाइड’ एवढेच लिहिले असते तरी चालले असते.

आता लेखाविषयी. त्यात सिंग यांच्या कामाला तीनदा ‘रंगांची उधळण’ म्हटले आहे. उधळण गुलालाची होते. ३५ मिमीच्या स्लाइड फिल्मवर (निगेटिव्ह नव्हे, थेट सुलट चित्र देणारी पारदर्शक फिल्म) काम करणारा माणूस काहीही उधळू शकत नाही, तेवढी सवलत ती फिल्म देतच नाही. १९४२ साली जयपूरला जन्मलेल्या आणि १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये वारलेल्या या छायाचित्रकाराने साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून रंगातच काम केले. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, रंगीत म्हणजे जाहिरात, असे जगभर मानले जात होते तो हा काळ. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात विल्यम एगलस्टन यांचे रंगीत छायाचित्रांचे प्रदर्शन १९७६ साली भरले तेव्हाही समीक्षकांनी नाके मुरडली होती. सिंग यांचे म्हणणे असे की भारतीय माणूस जग रंगातूनच पाहत आला आहे, कृष्णधवलचा उदास सूर ही पाश्चात्त्यांची गरज आहे. हे पटो न पटो (कृष्णधवलवर इतका राग का धरावा, हे आम्हाला कधी कळले नाही), पण त्यामागची शिस्त पाहण्यासारखी आहे.

ती शिस्त मुंबईच्याच उजेडात पाहू. कोडाक्रोम ६४ या कोडाकच्या स्लाइड फिल्मला (६४ हा तिच्या प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) लख्ख दुपारी साधारण एफ ८ (हे लेन्सच्या छिद्राचे माप, आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि १/२५० सेकंद एवढा प्रकाश लागतो. ३५ मिमीची लेन्स तीन मीटरवर लावून ठेवली तर एफ ८ला सुमारे १.९ मीटरपासून ७.२ मीटरपर्यंतचे सगळे धारदार येते. म्हणजे फोकस फिरवत बसायला नको. पुढचा हातगाडीवाला, मधली बाई आणि मागची दुकानाची पाटी, तिन्ही एकाच चौकटीत सापडतात. सिंग यांची गच्च भरलेली, आरशांनी आणि काचांनी तुकडे पडलेली छायाचित्रे अशाच खोलीवर उभी असतात. पण तोच माणूस चार पावले चालून भुलेश्वरच्या गल्लीत सावलीत शिरला की प्रकाश तीन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा) खाली येतो. आता एफ ८ ठेवायचे तर १/३० सेकंद, आणि त्यात चालणारा माणूस हलतो. वेग १/२५० ठेवायचा तर एफ २.८, आणि मागची पाटी विरघळते. आजच्या कॅमेऱ्यात आयएसओ, म्हणजे हाच संवेदनशीलतेचा आकडा, ६४चा ८०० केला की प्रश्न मिटतो. तेव्हा रोल संपेपर्यंत ६४ म्हणजे ६४च.

त्यात स्लाइड फिल्म चूक पोटात घेत नाही. निगेटिव्हवर दोन स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी प्रिंट काढताना सांभाळून घेता येते. स्लाइडवर अर्धा स्टॉप चुकला तरी दिसतो, आणि डबेवाल्याची पांढरी टोपी एकदा कोरी जळाली की तिच्यातून काहीही परत येत नाही. म्हणून मोजणी उजळ भागावर करायची आणि सावल्या काळ्या पडू द्यायच्या. बरेच जण ६४ची फिल्म ८० समजून वापरत, म्हणजे एकतृतीयांश स्टॉप कमी प्रकाश देत. लाल आणि केशरी रंग त्याने दाटतात. ‘उधळण’ म्हणतात ती बहुतेक वेळा या एकतृतीयांश स्टॉपची कंजुषी असते.

दिव्यांचा प्रश्न वेगळा. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर ट्यूबलाइट हिरवी उतरते. इराण्याच्या हॉटेलातला चेहरा आजारी दिसू नये म्हणून मॅजेंटा फिल्टर लावावा लागे, त्यात साधारण एक स्टॉप जाई. साध्या पिवळ्या बल्बसाठी निळा ८०-ए फिल्टर, त्यात दोन स्टॉप. सोडियमच्या दिव्यावर मात्र उपायच नाही. त्या प्रकाशात निळा जवळजवळ नसतोच, आणि जे नाही ते कोणताही फिल्टर आणू शकत नाही. म्हणूनच सोडियमच्या काळातल्या मरीन ड्राइव्हचे रात्रीचे छायाचित्र पिवळेच असले पाहिजे. २०१५च्या सुमारास तिथे पांढरे एलईडी लागले तेव्हा ‘राणीचा हार’ फिका पडला म्हणून केवढा गदारोळ झाला होता. एखाद्याने जुनी स्लाइड स्कॅन करताना ‘रंग सुधारणा’चे बटण दाबून तो पिवळा काढून टाकला, तर ते छायाचित्र कोणत्या सालचे हे सांगणारी एक खूण त्याने पुसली.

रंग हा पुरावा असतो तो असा. लोकलला जांभळे पट्टे आणि पांढरा डबा दिसला तर छायाचित्र २००७नंतरचे. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी भरवस्तीत दिसली तर २०२३च्या आतले, असे बहुधा धरता येते. कृष्णधवलमध्ये या खुणा दिसत नाहीत, आणि रंग उडालेल्या किंवा यंत्राने पुन्हा रंगवलेल्या छायाचित्रात त्या खोटे बोलतात.

तारखेचा विषय निघालाच आहे तर आपल्या पानावरची दुसरी चूक. विसर्जनाच्या एका छायाचित्राखाली ‘नोव्हेंबर १९७९’ असे छापले आहे. नोव्हेंबरात गणपती बुडत नाहीत. कोडाकच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर महिना आणि वर्ष छापलेले किंवा उमटवलेले असते, तिथूनच हा घोळ झाला असणार. तो शिक्का फिल्म लॅबमध्ये धुतली त्या महिन्याचा, बटण दाबले त्या दिवसाचा नव्हे. कोडाक्रोम घरी किंवा कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुता येत नसे. तिच्यात रंगद्रव्ये आधीपासून नसतातच, धुताना तिन्ही थरांत एकेक करून ती घालावी लागतात. त्यासाठी मोठे यंत्र आणि रसायनतज्ज्ञ लागे, आणि अशा लॅब जगात मोजक्या होत्या. रोल तिथे पोचून परत येईपर्यंत आठवडेच्या आठवडे जात. साध्या ई-६ फिल्मला (इतर बहुतेक स्लाइड फिल्म धुण्याची ही पद्धत) मात्र शहरातली चांगली लॅब पुरे. तिथेही पहिला डेव्हलपर ३८ अंशांवर सहा मिनिटे, आणि तापमानात ०.३ अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही. मे महिन्यात नळाचेच पाणी कोमट येते तेव्हा हे सांभाळणे म्हणजे काय, ते लॅबवाल्यांनाच विचारावे.

कोडाक्रोम धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती. तिने ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणे थांबवले. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर न धुतलेला कोडाक्रोम सापडलाच तर तो रंगीत होणार नाही. कृष्णधवल म्हणून धुता येतो, तेही जाणकाराकडूनच, कारण मागच्या बाजूचा काजळीचा काळा थर काढावा लागतो. ‘रंगीत करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पण न धुतलेले रोल थोडे. खरा साठा आहे तो धुतलेल्या स्लाइडचा: लग्नाचे फोटो काढून पोट भरणारे आणि उरलेल्या वेळात गिरण्या, गोद्या, जत्रा टिपणारे छायाचित्रकार, हौशी क्लबांचे सभासद, मासिकांसाठी फिरणारे. त्यांची मुले आता घरे रिकामी करत आहेत. पुनर्विकासात चाळ पाडायच्या आधी माळ्यावरचा पत्र्याचा डबा भंगारात जातो. अशा वाचकांसाठी थोडे तपशिलात लिहितो, संपादकांनी जागा द्यावी.

डबा उघडल्यावर आधी वास घ्यावा. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा पायाच कुजू लागला आहे. हा विकार शेजारच्या फिल्मलाही लागतो, म्हणून त्या स्लाइड लगेच वेगळ्या कराव्यात आणि त्यांचे स्कॅनिंग सर्वांत आधी करावे. डांबराच्या गोळ्या आणि कापूर डब्यात असतील तर काढून टाकावेत. कपाट लाकडी नसावे, रंग भाजलेले लोखंडी असावे. मऊ, चिकट वास येणारी प्लास्टिकची पाने पीव्हीसीची असतात, ती काही वर्षांनी फिल्मला चिकटतात. पॉलिप्रॉपिलीनची पाने घ्यावीत.

मुंबईत फिल्मचा मुख्य शत्रू बुरशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे ८०-९० टक्के ही रोजची गोष्ट. बुरशी जिलेटीन खाते, म्हणजे ज्यात चित्र आहे तोच थर खाते. भिंगाखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. इथे बहुतेक जण एक चूक करतात आणि ती परत फिरवता येत नाही: स्लाइड पाण्याने पुसतात. बुरशीने खाल्लेले जिलेटीन पाण्यात विरघळते, आणि बोटाखालून चित्रच निघून येते. पाणी, ओला कपडा, तोंडाची वाफ, काहीही नको. आधी मऊ ब्रशने कोरडे झाडावे. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला किंचित लावून, कोपऱ्यावर चाचणी घेऊन, हलक्या हाताने पुसावे. औषधाच्या दुकानात मिळणारे ७० टक्क्यांचे चालत नाही, त्यात उरलेले पाणीच असते.

पुरात भिजलेल्या फिल्मचा नियम याच्या बरोबर उलटा. २६ जुलै २००५ला सांताक्रुझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, तेव्हा कितीतरी तळमजल्यांवरच्या फिल्म पाण्यात गेल्या असणार. ओल्या स्लाइड पाकिटात वाळू दिल्या की पाकिटाला चिकटून बसतात. त्या वाळायच्या आत स्वच्छ, गार पाण्यात ठेवाव्यात, एक-दोन दिवसांत चौकटीतून काढून हळूच खंगाळाव्यात आणि चिमट्याला टांगून सावलीत वाळवाव्यात. हेअर ड्रायर लावू नये. एवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीझरमध्ये टाकाव्यात, मग सवडीने पाहता येते.

कोरड्या, धड स्लाइडसाठी हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरते. पाच लिटरच्या डब्यात १०० ग्रॅम ठेवावे. निळे खडे गुलाबी झाले की ओल भरली. तव्यावर भाजू नयेत, ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास ठेवले की पुन्हा निळे होतात. (हा गुलाबी तेवढा उपयोगाचा.) खड्यांची धूळ फिल्मवर पडू नये म्हणून ते कापडी पुरचुंडीत बांधावेत. फ्रिज वापरायचा तर डबा दोन झिप पिशव्यांत घालावा आणि बाहेर काढल्यावर २४ तास न उघडता तसाच ठेवावा, नाहीतर गार फिल्मवर घरातल्या हवेचे दव धरते आणि आपणच बुरशीला आमंत्रण देतो.

आणि भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवण्याचा मोह आवरावा. कोडाक्रोम अंधारात फार टिकते, पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली इतर स्लाइडपेक्षा लवकर उडते. म्हणजे जी सर्वांत जपलेली, तीच दाखवून दाखवून खराब होते.

स्कॅनिंगबद्दल. २४ × ३६ मिमीची चौकट ४००० डीपीआयला स्कॅन केली की साधारण २.१ कोटी पिक्सेल होतात. १६ बिटची टिफ फाइल एकेकी सुमारे १२८ एमबीची होते. हजार स्लाइड म्हणजे १२८ जीबी, आज ती काही अडचण नाही. दुकानदार जेपेग (तपशील गाळून लहान केलेली फाइल) देऊ लागला तर टिफ मागावी. कोडाक्रोमवर धूळ काढणारी इन्फ्रारेड सोय बंद ठेवावी. ही फिल्म इन्फ्रारेडही काही प्रमाणात अडवते, त्यामुळे यंत्राला चित्राचा तपशीलच धूळ वाटतो आणि डोळ्यांच्या पापण्या, दुकानाच्या पाटीवरची वेलांटी अशा बारीक गोष्टी ते पुसून टाकते. शिवाय कोडाक्रोमला तिचे स्वतःचे रंगमापन लागते. साध्या ई-६च्या मापाने स्कॅन केली तर सगळे निळसर येते. उडालेला रंग परत आणायचा असेल तर मूळ स्कॅनला हात न लावता प्रतीवर तिन्ही थर वेगवेगळे सुधारावेत. सायन थोडा जरी शिल्लक असेल तर आश्चर्य वाटेल इतके परत येते. अजिबात नसेल तर येत नाही, तिथे थांबावे. हल्ली एआय वापरून कोळिणीचे लुगडे हिरवे की जांभळे हे यंत्रच ठरवते. ते चित्र घरात लावायला छान, पण वर्तमानपत्राने छापायचे नाही.

आपल्या छपाईविषयी एक विनंती. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो. चारही रंग मिळून शाई २४० टक्क्यांच्या वर गेली की ती वाळत नाही आणि समोरच्या पानावर उमटते. मधल्या छटांचे ठिपके कागदावर पसरून पाव हिश्शाहून जास्त गडद होतात. त्यामुळे स्लाइडमधली लाल साडी जशीच्या तशी पाठवली तर पानावर तिचा सपाट गोळा होतो, काठ, चुण्या सगळे बुडते. पान लावण्याआधी लालातला तपशील थोडा उघडा करून घ्यावा, रंगाचा जोर मात्र वाढवू नये. सिंग यांचे मुंबईवरचे पुस्तक १९९४ साली निघाले. ते ज्यांनी छापील पाहिले आहे त्यांना पुरवणीतला त्याचा नमुना ओळखूही आला नसेल.

फोटोओळीत छायाचित्रकाराचे नाव, जागा, वर्ष आणि फिल्मची अवस्था या चार गोष्टी आल्या तर बाकी विशेषणांना जागा उरणार नाही, आणि तेच बरे.

कळावे.

छायाचित्रांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक,
दादर, मुंबई

ता. क. : त्याच पानावरचे बेस्टच्या बसचे छायाचित्र डावे-उजवे उलटे छापले आहे. बसचे दार उजवीकडे आले आहे आणि रांगेतल्या नऊवारीतल्या आजींचा पदर उजव्या खांद्यावर. स्लाइडच्या दोन बाजूंपैकी एक चकचकीत असते आणि दुसरी, जिलेटीनची, किंचित निस्तेज. उजेडाकडे धरल्यावर चित्र सुलट दिसते तेव्हा चकचकीत बाजू आपल्याकडे असायला हवी. स्कॅन करणाऱ्याला एवढे सांगितले तरी पुरे.